केडगावचं दार

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. १८९७ साली या गावालगतच्या मोकळ्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुली त्यांत राहू लागल्या. त्यांना खरं तर पुण्यात, बालविधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात ठेवायचं होतं. पण शहरात प्लेग होता आणि इतक्या नव्या माणसांना आत घ्यायला अधिकारी तयार नव्हते. पंडिता रमाबाईंनी ही जमीन आधीच घेऊन ठेवली होती, ती मात्र वेगळ्याच हिशेबाने. अमेरिकेतल्या देणगीदारांनी शारदा सदनाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८च्या आसपास संपणार होती, आणि त्यापुढे शेतीच्या उत्पन्नावर सदन चालवावं असा बेत होता. पीक काढायच्या जागेवर माणसं आली. १९००च्या सुमारास त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ख्रिस्ती श्रद्धेने एका बाईला केवढं बळ दिलं याचं उदाहरण म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनची ही कथा चर्चमध्ये गेली शंभर-सव्वाशे वर्षं सांगितली जाते. कथा खरी आहे. पण तिच्यातून काढला जाणारा अर्थ मला अपुरा वाटतो. श्रद्धेने रमाबाईंना बळ दिलं असं म्हणताना ते बळ त्यांच्याकडे आधी नव्हतं असं आपण गृहीत धरतो, आणि त्यांचं आयुष्य तसं सांगत नाही.

रमाबाईंवरची सगळ्यात मोठी संकटं बाप्तिस्म्याच्या आधीची आहेत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात आश्रम थाटला आणि तिथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे तो आश्रम मोडला आणि कुटुंब पुराणं सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडू लागलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात गेलं. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी हजारो श्लोक होते आणि एकाच्याही हाती पोटापाण्याचं काम नव्हतं. भीक मागायची लाज आणि मजुरी करायला जातीचा अभिमान आड येत होता. शेवटी शेवटी पाणी, झाडपाला आणि रानातली खजुरं यांवर दिवस काढले, असं रमाबाईंनीच पुढे लिहिलं आहे. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू. तो निर्णय उशिरा झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं पायी हिंदुस्थान पालथा घालत निघाली. सुमारे चार हजार मैल चाललो, असा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे. उत्तरेच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून त्यांत ती दोघं निजली आणि अंगावर वाळूच ओढून घेतली. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या सुरुवातीला नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांची ही विधवा कडेवर तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापलं आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर कमिशनपुढे बायकांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात अशी साक्ष दिली. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. इतकं सोसूनही मोडून न पडण्याची ताकद श्रद्धेने दिली असं म्हणायचं, तर ती नेमकी कोणत्या श्रद्धेने दिली हे सांगावं लागेल. कारण वडिलांच्या देवांवरचा विश्वास तर भटकंतीतच उडाला होता आणि नवा अजून बसायचा होता. माझं म्हणणं असं की ख्रिस्ती श्रद्धेने रमाबाईंना सहनशक्ती दिली नाही, ती त्यांच्याकडे होतीच. तिने त्यांच्या कामाचा रोख बदलला. हे कष्ट कोणासाठी करायचे आणि दारात कोणाला घ्यायचं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तिच्यामुळे पालटलं.

हा बदल कुठे सुरू झाला ते त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. १८८३ साली वैद्यकी शिकावी म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात उतरल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर व्हायचा बेत बारगळला. सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवायला नेलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ते घर होतं. त्यातल्या काही पूर्वी तिथेच आश्रयाला आलेल्या, आणि आता इतरांची शुश्रूषा करणाऱ्या. रमाबाई हे पाहून हादरल्या. घरंदाज बायकांनी अशा बायकांजवळ बसावं, त्यांची सेवा करावी, हे ज्या शास्त्रांवर त्या वाढल्या होत्या त्यांत बसणारं नव्हतं. तिथे अशा बाईला दंड सांगितलेला होता, दया नव्हती. असं का करता, या प्रश्नाला सिस्टरांनी दिलेलं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी बाईच्या गोष्टीचं होतं: विहिरीवर पाणी भरायला आलेली, परक्या जातीची, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी आपणहून बोलणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यांना सगळ्यात आधी पटली ती एक वागणूक, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्रैक्यासारखे सिद्धान्त त्यांना पुढची काही वर्षं पचलेच नव्हते.

आणि ते पचले नाहीत हे त्यांनी लपवलंही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की नव्याने धर्मात आलेल्या बाईबद्दलचा आपला ठोकळेबाज समज गळून पडतो. एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं घेणार नाही, अशा अर्थाचं त्या स्पष्ट लिहितात. त्यांनी मांसाहार कधी केला नाही, पोशाख हिंदी ठेवला. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला सांगितलं तेव्हा अक्षरं संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत मागवलं गेलं. ते नकाराचं आलं, कारण म्हणे हिंदुस्थानात त्यांच्या नावाला कमीपणा येईल. रमाबाईंनी त्यावर कडाडून हरकत घेतली. वाँटेजच्या सिस्टर मनापासून प्रेम करणाऱ्या होत्या, यात शंका नाही. पण आज्ञापालन म्हणजे श्रद्धा हे त्यांचं समीकरण या बाईला मंजूर नव्हतं. संकटात श्रद्धेचा आधार घेणारी माणसं बहुधा नव्या अधिकारापुढे मान तुकवतात. रमाबाईंच्या बाबतीत उलट झालं: देव मानला म्हणून देवाच्या वतीने बोलणाऱ्यांना नाही म्हणायची त्यांची हिंमत वाढली. पुण्यातले बहुतेक सुधारक त्यांच्या धर्मांतराने खट्टू झाले असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. या बाईत त्यांना काय दिसलं असेल याचा अंदाज या पत्रांवरून येतो.

तरीही दार लगेच उघडलं नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते उच्चवर्णीय बालविधवांसाठी. त्याआधी दोन वर्षं अमेरिकेत छापलेल्या ज्या पुस्तकाने पैसा उभा राहिला त्याचा विषयच उच्चवर्णीय हिंदू स्त्री हा होता. पैसा देणाऱ्यांशी झालेल्या करारात धर्मशिक्षण देणार नाही असं होतं. मुलींनी आपापली सोवळीओवळी पाळावीत याची सोय होती. सल्लागार म्हणून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह गाजला त्या गोदूबाई या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. काम मोलाचं होतं, पण त्याची चौकट पुण्याच्या सुधारकांची होती आणि दाराची रुंदी ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या मुलीएवढीच होती. १८९० मध्ये सदन पुण्याला हललं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाजूला झालं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मी कोणाला बोलावत नाही, पण माझं दार लावूनही घेणार नाही. या भांडणात कोण बरोबर होतं याची चर्चा आजही होते. सदनाचा करार काटेकोर वाचला तर टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, असं मला वाटतं. मात्र परिणाम पाहिला तर १८९३च्या तुटीने रमाबाईंची एक अडचण दूर झाली. आता प्रतिष्ठित पुण्याला सांभाळून घेण्याचं कारण उरलं नव्हतं. दरम्यान १८९१च्या आसपास त्यांच्या श्रद्धेलाही वेगळं वळण लागलं होतं. आपण आजवर ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्या त्या काळाबद्दल लिहितात.

मग १८९६चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी दुष्काळी छावण्या, रस्त्याकडेची झाडं, देवळांच्या ओवऱ्या पाहिल्या. खडी फोडायच्या कामावर पोरीबाळी, रात्री उघड्यावर झोप, आणि अशा पोरींवर टपून बसलेली माणसं. आईबाप मेलेली मुलगी उपाशी असते तेव्हा तिला नेणारे खूप असतात आणि त्यांतले फार थोडे तिला जेवू घालायला नेतात, हे त्यांच्या लेखनातून पुन्हा पुन्हा येतं. कोणत्या जातीची, विधवा की कुमारिका, हा प्रश्न इथे विचारलाच गेला नाही. तीनशेच्या आसपास मुली त्या घेऊन आल्या. केसांत उवा, अंगावर खरूज, पोटं खपाटीला, आणि अन्न दिलं की ते लपवून ठेवायची सवय. यांतल्या काही जणी आल्यावर थोड्याच दिवसांत दगावल्या, कारण दुष्काळाने पोखरलेलं शरीर नुसत्या भाकरीने सावरत नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली जे चाललं होतं त्यावरही रमाबाई गप्प राहिल्या नाहीत. सदनातली एक मुलगी प्लेगच्या रुग्णालयात नेली गेली आणि तिथून भलत्याच माणसाच्या हाती पडली. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वर्तमानपत्रात सरकारी कारभाराची लक्तरं काढली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले आणि प्रकरण पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. ज्यांना ख्रिस्ती झाल्या म्हणजे इंग्रजांच्या झाल्या असं वाटत होतं, त्यांनी हे पत्र वाचायला हवं होतं. १८९९-१९००चा दुष्काळ गुजरात-काठेवाडाकडे पसरला तेव्हा तिकडेही माणसं पाठवून मुली आणल्या गेल्या, आणि केडगावची वसाहत वाढत गेली.

मुक्तीचं रोजचं काम कसं चालायचं ते पाहिल्याशिवाय दार रुंदावलं याचा अर्थ कळत नाही. आधी पाणी. दुष्काळी मुलखात दोन हजार माणसांना प्यायला, धुवायला आणि मळ्याला पाणी हवं, म्हणून विहिरी खणल्या. मग शिकवणं आणि हाताला काम: शेतात खुरपणं, गाईगुरं, हातमागावर लुगडी विणणं, तेलाची घाणी, शिवण, धोबीकाम, स्वयंपाक, रुग्णांची शुश्रूषा, आणि पुढे छापखाना. थोडी मोठी झालेली मुलगी नव्याने आलेल्या लहान मुलींना न्हाऊमाखू घालायची. फुलहॅममध्ये पाहिलेली रीत इथे मराठी मातीत रुजली. फसवल्या गेलेल्या, घरातून हाकललेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. हे शेवटचं नाव ज्याला येशूने दृष्टी दिली त्या आंधळ्या भिकाऱ्याचं. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात केली होती आणि आंधळ्या मुलींना त्या या लिपीतून वाचायला शिकवत. १८८९च्या शारदा सदनाच्या उंबऱ्यावर यांतली एकही बाई टेकू शकली नसती: ना मांग घरातली पोर, ना बाजारातून सोडवून आणलेली बाई, ना आंधळी म्हातारी. सुंदराबाई पवारांसारख्या मराठी ख्रिस्ती सहकारी आणि मिनी एब्रम्स यांच्यासारख्या परदेशी बायका या कामात होत्या, पण मुख्य भार तिथेच वाढलेल्या मुलींनी उचलला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की यात श्रद्धेचा संबंध काय? ज्या बाईने स्वतःचे आईबाप भुकेने मेलेले पाहिले, ती दुष्काळात धावून जाणारच. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी मान्य करतो. प्रत्येक मुलीच्या हाताला काम हवं हा मुक्तीतला आग्रह थेट त्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळातून आला. श्लोक पाठ असणारं पण फावडं न उचलणारं कुटुंब कसं संपतं हे रमाबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? पण आठवण माणसाला दोन्ही दिशांना नेऊ शकते. भूक भोगलेला माणूस आपल्यासारख्यांसाठी, आपल्या जातीच्या आणि आपल्या दर्जाच्या भुकेल्यांसाठी, धावतो. आणि तसं धावणारे त्या काळात पुष्कळ होते. रमाबाईंनीही १८८९ मध्ये नेमकं तेच केलं: ब्राह्मण विधवेने ब्राह्मण विधवांसाठी घर काढलं. दुष्काळाची आठवण तेव्हाही ताजीच होती. शिवाय कृपा सदनाचा दुष्काळाशी फारसा संबंध नाही. तिथे येणाऱ्या बायकांना भुकेने नव्हे, लोकांनी हाकललं होतं. फसलेल्या बाईला घरात घेण्याचा धडा रमाबाईंनी अनुभवातून शिकलेला नव्हता, तो १८८३ मध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडून आणि शोमरोनी बाईच्या गोष्टीतून घेतलेला होता. काम कसं करायचं हे त्यांना अनुभवाने शिकवलं. कोणापर्यंत पोचायचं, ते श्रद्धेने सांगितलं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. हीच रुंदी ख्रिस्ती न होता गाठणारी माणसं याच पुण्यात होती. १८७६-७७च्या दुष्काळात फुले दांपत्याने आणि सत्यशोधकांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्रं चालवली, आणि १८९७ मध्ये, म्हणजे केडगावात तंबू पडत होते त्याच वर्षी, सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगनेच गेल्या. त्यांच्या सेवेला कोणत्याही चर्चची गरज पडली नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याचा निष्कर्ष मात्र एवढाच निघतो की ख्रिस्ती श्रद्धा हा एकमेव रस्ता नव्हता. फुल्यांचा निर्मिक आणि रमाबाईंचा ख्रिस्त यांत तत्त्वज्ञानाचं अंतर कितीही असो, दोन्हींनी एक काम सारखं केलं: माणसाची किंमत जातीच्या बाहेर नेऊन ठेवली. तिसरं उदाहरण धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्व्यांचं. १८९६ मध्ये त्यांनी सुरू केलेला आश्रम, जो पुढे हिंगण्याला गेला, हिंदू समाजाच्या विश्वासात राहून चालला आणि म्हणूनच टिकला, फोफावला, विद्यापीठापर्यंत पोचला. पण विश्वासात राहण्याची किंमत म्हणून तोही सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरता राहिला. कर्व्यांना कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. समाजाला बरोबर घेऊन चाललं तर दार किती उघडता येतं आणि समाजाशी तुटल्यावर किती, याचा हिशेब मांडायला ही दोन घरं शेजारी ठेवावी लागतात.

आता ज्या आक्षेपाला मराठीत फार जुनी आणि बोचरी भाषा आहे तो: ही माणसं पोटासाठी बाटली. अहमदनगर जिल्ह्यात १८७६-७८च्या दुष्काळानंतर महार-मांग वस्त्यांतून मोठ्या संख्येने लोक अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले तेव्हापासून हा टोमणा ऐकू येतो, आणि मुक्तीतल्या मुलींना तो लागू करणं सोपं आहे. नवव्या-दहाव्या वर्षी उपासमारीतून उचलून आणलेल्या मुलीला भाकरी देणाऱ्याचा देव नाकारायचं स्वातंत्र्य कितीसं असणार? हा प्रश्न खरा आहे आणि रमाबाईंच्या चाहत्यांनी तो टाळू नये. जेवण, छप्पर, मैत्रिणी आणि प्रार्थना ही सगळी एकाच हातून मिळत असताना संमती या शब्दाला फार थोडा अर्थ उरतो. पण टोमण्यात एक गृहीतक लपलेलं आहे ते तपासायला हवं. भूक माणसाला दारापर्यंत आणते हे खरं. पाऊस पडून गेल्यावर, मजुरी पुन्हा मिळू लागल्यावर तो का राहतो हे भूक सांगू शकत नाही. नगरच्या वस्त्यांतले लोक पोट भरल्यावर परतले असते तर गावोगावची ती चर्चं, शाळा आणि तिथून निघालेले शिक्षक पुढच्या पिढ्यांत दिसले नसते. मुक्तीतूनही काही जणी नातेवाइकांकडे परत गेल्या, काही पळून गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्या राहण्याला कारणं असली पाहिजेत, आणि लिहितावाचता येणं, कोणाची बटीक नसणं, आपल्याहून लहान मुलीची जबाबदारी मिळणं ही कारणं पोटाहून वेगळी आहेत. शिवाय हा टोमणा नेहमी खालच्या जातींच्या लोकांनाच मारला जातो, हेही ध्यानात घ्यावं. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना बाटगा म्हणणारे होते, वेडा म्हणणारेही होते, पण ‘पोटासाठी’ असं म्हणणं अवघड होतं. उपाशी माणसाच्या श्रद्धेवर अविश्वास आणि भरल्या पोटीच्या श्रद्धेवर विश्वास, ही मोजपट्टी कोणी तयार केली?

एक किंमत मात्र मोजली गेली आणि तिची नोंद करायला हवी. केडगावला गेल्यावर रमाबाई मराठी सुशिक्षित वाचकाच्या नजरेतून जवळजवळ नाहीशा झाल्या. १८८९ मध्ये अमेरिकेतली लोकस्थिती आणि प्रवासवृत्त लिहिणारी, लोकशाहीपासून घरकामापर्यंत सगळ्यावर चुरचुरीत टिप्पणी करणारी लेखिका मराठी गद्याने गमावली. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट आली, शेकडो मुली रडत, ओरडत, पापं कबूल करत रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, तिचं वर्णन वाचताना विवेकी वाचकाला अवघडल्यासारखं होतं, आणि मलाही होतं. तर्कशुद्ध वाद घालणाऱ्या पंडितेचं हे काय झालं, असा प्रश्न पडतो. पण त्या खोल्यांत कोण होतं तेही पाहावं. आईबापांना मरताना पाहिलेल्या, विकल्या गेलेल्या, कोणी तरी हात टाकलेल्या त्या मुली. त्यांना आपलं दुःख कधी मोठ्याने रडायला मिळालं होतं? प्रार्थनेतल्या आक्रोशाचा धार्मिक अर्थ ज्याने त्याने लावावा. त्यातून मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत प्रचाराला निघाले. शेतं, माग आणि छापखाना चालूच राहिले.

रमाबाईंनी शेवटची पंधरा-सतरा वर्षं एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते पुण्यातल्या पंडितांसाठी नव्हे, मुक्तीत आणि खेड्यात वाचायला शिकलेल्या बाईला समजावं अशा भाषेत. खिळे जुळवण्यापासून छपाई आणि बांधणीपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. दुष्काळात ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायकांचे हात त्यात होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं, त्याचं त्यांना फारसं अप्रूप होतं असं दिसत नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. संस्था पुढे त्यांच्याच हाती सोपवायची असं ठरलेलं होतं, त्यामुळे तो घाव आईलाही लागला आणि संस्थेलाही. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, दोन वर्षांनी भाषांतराची पूर्ण प्रत बाहेर पडली. नारायण वामन टिळकांचे चिरंजीव देवदत्त यांनी १९६० मध्ये त्यांचं मोठं चरित्र लिहिलं, पुढे स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासकांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. पण बहुतेकांना ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेच्या प्रवासातली रमाबाई हवी असते, आणि चर्चला १९०५ची. १८८९ आणि १८९७ यांच्यामधली आठ वर्षं, ज्यांत प्रवेशाची अट बदलली, ती दोघांच्याही हातून निसटतात. मुक्ती मिशन दौंड तालुक्यात आजही चालू आहे आणि तिथे आजही निराधार बायका-मुली राहतात.